तेल गळतें कोठें आणि दोष असतो कोठें

सुशिक्षित कुटुंबांत यंत्रें पुष्कळ आलीं. परंतु त्यांना स्वतः हात लावण्याची संवय मात्र त्यांच्याबरोबर आली नाहीं. इंजिनाखालीं तेलाचा डाग दिसला कीं आपण वरून आणखी तेल ओततों आणि मेस्त्री येण्याची वाट पाहतों. या महिन्यांत आम्ही आमच्याच घरची हकीगत सांगणार आहों. तींत आमची फजिती आहे, आणि म्हणूनच ती वाचकांच्या उपयोगी पडेल.

आमचें घर अलिबागेच्या दक्षिणेस, अष्टागरांतील एका वाडींत आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलें. ताशीं १०० किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्यानें अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन येथील माड-पोफळींच्या कितीतरी वाड्या आडव्या केल्या. विजेचे खांब पडले, पंप बंद झाला, आणि विहीर जवळ असूनही चौदा माणसांच्या घराला पाणी दोरीनें ओढावें लागलें. तेव्हां पडवींत पडून असलेलें वडिलांच्या वेळचें पांच अश्वशक्तीचें डिझेलचें इंजिन आम्हीं पुन्हां विहिरीपाशीं बसविलें. वादळानंतर लावलेल्या पोफळी आतां कोठें फळावर येऊं लागल्या आहेत. वैशाखांत त्यांचें शिंपण चुकलें तर इतक्या वर्षांची मेहनत वायां जावयाची. आणि वीज गेली कीं भरंवसा त्या इंजिनाचाच.

यंदा उन्हाळ्यांत हें इंजिन रोज पाव लिटर तेल खाऊं लागलें. खालीं डाग होता, पण तो लहान दिसे. वाळू तेल पिऊन टाकते, हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. घरांतील सर्व मुलें ज्यांना दादा म्हणतात ते आमचे जुने गडी इंजिन चालवितात. त्यांना आम्हीं दोनदां विचारलें, "दादा, तेलाचा डबा दुसरें कोणी उघडतें काय?" त्यांनीं उत्तर दिलें नाहीं, मात्र दुसऱ्या दिवसापासून तेल घालण्यापूर्वीं ते आम्हांस बोलावूं लागले.

पुढें एके सकाळीं मातोश्रींनीं भरलेली घागर तशीच परत पाठविली. पाण्यावर मोरपिसासारखा तवंग होता. आमचे डोळे तेव्हां उघडले. पंपाला पाणी वर ओढण्यास हवेच्या दाबाचा आधार असतो, आणि तो हिशेबानें सुमारें १० मीटर, व्यवहारांत ६-७ मीटरच पुरतो. म्हणून इंजिन विहिरीला लागूनच बसवावें लागतें. त्यांत आमची जमीन वाळूची. तिनें प्यालेलें तेल विहिरींत उतरण्यास कितीसा वेळ? प्रश्न डब्याचा नव्हता, पिण्याच्या पाण्याचा होता.

आम्ही दुरुस्तीस लागलों आणि पहिलीच चूक केली. सर्वांत ओला भाग तळाचा, म्हणून तेथील बूच आंवळलें, त्याचा तांब्याचा वॉशर बदलला. गळती तशीच राहिली. तेल वरून खालीं ओघळतें आणि इंजिनाच्या हादऱ्यानें चहूंकडे पसरतें. यास्तव ज्या जागीं थेंब पडतो त्या जागीं दोष असेलच असें नाहीं.

तेव्हां आरंभापासून सुरुवात केली. इंजिन बंद करून थंड होऊं दिलें. जुन्या फडक्यांनीं आणि थोड्या डिझेलनें सर्व अंग स्वच्छ पुसून कोरडें केलें; खालीं पत्र्याचें ताट ठेवलें. पुढें काय करावें हें वहिनींनीं सुचविलें: "पांढरी पूड लावा, ओल लगेच उमटेल." मुलें रांगोळी घेऊन धांवलीं, पण ती दगडाची भुकटी, आंत गेल्यास यंत्र झिजवील. म्हणून मुलांच्या अंगाला लावावयाची पावडर भुरभुरली आणि इंजिन दहा मिनिटें चालविलें. पदर, धोतर, ओढणी पट्ट्यापासून व फिरत्या चाकापासून दूर ठेवून, बॅटरीच्या उजेडांत सर्वांनीं लांबून पाहिलें. सर्वांत उंचावरची ओली रेघ बाजूच्या झांकणाच्या कडेला उमटली.

झांकणाचें पॅकिंग कडक होऊन चिरलें होतें. झांकण नव्या कॉर्कच्या पत्र्यावर ठेवून पेन्सिलीनें कड आंखली, कात्रीनें कापलें, दोन्ही पृष्ठें पुसून तें बसविलें. नट एका बाजूनें क्रमानें न आंवळतां समोरासमोरचे, थोडे थोडे आंवळले. फार जोर केल्यास कॉर्क चिरडतो. दोन दिवस ताट कोरडें राहिलें. तिसऱ्या दिवशीं त्याच झांकणाखालून पुन्हां थेंब आला!

आतां दादा बोलले, "आंत वारा कोंडलाय. तेल काढायचं बूच उघडलं कीं फुस्स करतं." आम्हीं त्यांना हें पूर्वींच विचारावयास हवें होतें. दट्ट्याच्या कड्यांजवळून थोडा धूर नेहमींच खालच्या पेटींत उतरतो. त्यास बाहेर सोडणारी एक लहान नळी असते, तिला मेस्त्री ब्रीदर म्हणतात. ती काढून पाहतों तों जाळी गाळानें भरलेली, आणि तोंडाशीं कुंभारीण माशीचें वाळलेलें मातीचें घर! पावसाळाभर इंजिन निजलेलें असतां तिनें आपला संसार थाटला होता. कोंडलेला दाब सर्वांत दुबळ्या जागेंतून तेल बाहेर ढकलीत होता. नळी डिझेलनें धुऊन, वाळवून बसविली; त्या दिवसापासून ताट कोरडें आहे. तेल प्यालेली वाळू खणून बंद पिपांत भरली, विहीर उपसली, आणि जुनें तेल जमिनीवर न ओततां तें गोळा करणाऱ्या गॅरेजांत दिलें.

वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: आधीं पुसा, मग पाहा, खालून वर शोधीत जा, आणि पॅकिंग बदलण्यापूर्वीं नळी मोकळी आहे कीं नाहीं तें तपासा. ब्रीदर दर पावसाळ्यानंतर एकदां उघडावा; पाव तासाचें काम आहे.

राहिली एक दुरुस्ती, ती पान्ह्यानें होणारी नव्हती. त्या संध्याकाळीं ओटीवर सर्वांदेखत आम्हीं दादांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "चालायचंच." परंतु दुसऱ्या दिवशीं त्यांनीं आम्हांस न बोलावतां इंजिनांत तेल घातलें, तेव्हांच आमच्या जिवाला स्वस्थता वाटली.