जुनी मोटार : मूळ पाठ आणि पाठभेद

जुन्या वस्तूंवर प्रेम करणारांत दोन पंथ नेहमींच आढळतात. एक म्हणतो, वस्तु जशी हातीं आली तशीच ठेवावी. दुसरा म्हणतो, ती आजच्या सोयीप्रमाणें सुधारून वापरावी. जुन्या स्पोर्ट्स मोटारीसंबंधानें हा वाद विशेष हिरीरीनें होतो. कारण घरांतील तरुणांना वेग हवा असतो आणि वडीलधाऱ्यांना आठवण. मूळ इंजिन काढून नवें बसवावें काय, पत्रा कापून रुंद चाकें घालावीं काय, हे प्रश्न केवळ हौशीचे नाहींत. एकदां कापलेला पत्रा पूर्ववत् होत नाहीं.

या विषयाचा एक धागा आमच्या अंथुर्ण्याच्या शेजारींच सांपडतो. वालचंदनगर ज्यांच्या नांवानें वसलें, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें इटलीच्या फियाट ११०० या मोटारी निघूं लागल्या आणि मध्यमवर्गाच्या दारांत उभ्या राहिल्या. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें. स्वभाव गरीब, खर्च बेताचा.

परंतु याच कुळांतील इंजिनानें इटलींत निराळाच पराक्रम गाजविला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तूरिन शहरीं पिएरो दुसिओ या उद्योजकानें फियाट ११०० चे भाग घेऊन व इंजिनाची शक्ति वाढवून चिसितालिया २०२ ही स्पोर्ट्स मोटार बनविली. पिनिन फारिनाच्या कारागिरांनीं ॲल्युमिनियमचा पत्रा हातानें ठोकून तिची काया घडविली. १९४७ च्या मिले मिलिया शर्यतींत ताझिओ नुवोलारी हा या जातीच्या उघड्या गाडींतून दुसरा आला. १९५१ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें ही मोटार प्रदर्शनांत मांडली आणि पुढें आपल्या संग्रहांत घेतली.

येथें सुधारणेचे कैवारी म्हणतील, "पाहा, फेरबदलांतूनच कलाकृति जन्मली!" हें खरें आहे, पण अर्धेंच. दुसिओनें हात घातला तो नित्य तयार होणाऱ्या साध्या भागांना. आतां मात्र त्या चिसितालियाची स्थिति उलट आहे. अशा गाड्या बनल्याच मुळीं सुमारें १७०. त्यांपैकीं एखादीचें इंजिन उपटून टाकणें म्हणजे एका साक्षीदाराचें तोंड कायमचें बंद करणें होय. म्हणून मूळ श्रेष्ठ कीं सुधारणा श्रेष्ठ, असा हा प्रश्नच नव्हे. जें विपुल आहे त्यावर खुशाल प्रयोग करावे. जें विरळ झालें, त्याचे आपण मालक कमी आणि विश्वस्त अधिक.

मग विरळ गाडीस हातच लावूं नये काय? लावावा, परंतु संपादकाच्या रीतीनें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें कार्य १९१९ सालीं आरंभिलें आणि १९६६ सालीं सिद्धीस नेलें. संपादकांनीं शेंकडों हस्तलिखितें ताडून मूळ पाठ वर छापला. मागाहूनची भर नष्ट न करतां तळटीपांत व परिशिष्टांत ठेविली. गाडीसही हाच न्याय लावावा. चांगले टायर घातले, दिव्यांचा प्रकाश वाढविला, ब्रेक अधिक भरंवशाचे केले, तर दोष नाहीं. जिवापेक्षां पत्रा मोठा नव्हे. मात्र कोठें कापूं नये, भोंक पाडूं नये. काढलेला भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून जपावा, आणि काय, केव्हां व कां बदललें तें वहींत लिहावें. पाठभेद नोंदलेला असला म्हणजे मूळ पाठ हरवत नाहीं.

सरकारी नियमांचा रोखही हाच आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनीं ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठीं 'व्हीए' ही स्वतंत्र नोंदणी ठरविली. परंतु सांगाडा, काया किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेल्या गाडीस तो मान नाहीं.

एकत्र कुटुंबांत गाडी कागदोपत्रीं एकाच्या नांवावर असली तरी ती सर्वांची असते. तेव्हां हत्यार उचलण्यापूर्वीं घरांत एकवार विचारविनिमय व्हावा. त्या बैठकींत ज्यांना अजून गाडी चालवितां येत नाहीं, त्या नातवंडांच्या वतीनेंही कोणी तरी बोलावें.