वरातीतून सुटलेली घोडी

आपल्या डोंबिवलीत घोडा दिसतो तो वरातीत. अंगावर जरीची झूल, कपाळावर मोत्यांच्या माळा, बाजूला ढोल आणि फटाके. नवरदेव उतरला की घोडी कुठे जाते, हे कोणी विचारत नाही. म्हातारी झाली की कुठे जाते, हे तर मुळीच नाही.

मुंबईत हा प्रश्न एकदा न्यायालयापुढे आला. जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने हौसेच्या फेरफटक्याच्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि बंद करायला वर्षाची मुदत दिली. गाड्या हाकणाऱ्यांत आपल्या समाजाची कितीतरी घरे होती. त्यांच्या पुनर्वसनाची योजना करा, असेही सरकारला सांगितले गेले. घोडा कामातून सुटला की बातमी संपते. सांभाळणाऱ्याचे काम तिथून सुरू होते.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या नानांनी कल्याणच्या खाडीकडच्या जागेत अशीच एक घोडी ठेवून घेतली आहे. वय वीसच्या पुढे. दोन-तीनदा जाऊन मीही पाहून आले. पहिल्या महिन्यात तिने घरात वाद लावला होता. दिवसभर खाताना दिसे, तरी फासळ्या मोजता येत. मामू म्हणाले, वय झाले, आता खर्च कशाला? नाना पूर्वी कोचवान. त्यांनी तिच्या पायाशी पडलेले कडब्याचे ओले गोळे उचलून पाहिले. घोडी चावत होती, गिळत नव्हती.

डॉक्टरांनी तोंडात हात घालून पाहिले. घोड्याच्या दाढा आयुष्यभर झिजतात आणि तेवढ्याच वर सरकत राहतात. झीज वाकडी झाली की कडा सुरीसारख्या होतात आणि गालाचे आतले मांस कापतात. त्यांनी कानशीने कडा घासल्या. म्हातारपणी दाढाच संपत येतात, मग सुका कडबा फुकट. आता तिला बारीक कापलेला चारा आणि भिजवून लापशीसारखा केलेला कोंडा लागतो, तोही थोडा थोडा, दिवसातून चार वेळा. हा बदल मात्र आठ-दहा दिवसांत हळूहळू करायचा असतो. घोड्याला उलटी होत नाही. चारा एकदम बदलला तर पोटशूळ उठतो आणि त्यात जनावर दगावते. पाणी रोज तीस-चाळीस लिटर तरी हवे.

मुले लाडाने गूळ घेऊन येतात. नानांनी ते बंद केले. गोडाने म्हाताऱ्या घोड्याच्या खुरांना आतून सूज येऊ शकते, मग पाऊल टाकणे कठीण. नालबंद सहा-आठ आठवड्यांनी येऊन खूर तासून जातो. नाल आता काढून टाकले आहेत, कारण तिला रस्त्यावर जायचेच नाही. पण फिरवणे चुकवत नाहीत. अकबर-बिरबलाच्या गोष्टीतला घोडा अडला होता, तो फिरवला नाही म्हणूनच. सांधे धरलेल्या घोडीला तर ते जास्तच लागू पडते.

मला नवल वाटले ते झोपेचे. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे आपण मुलांना शिकवतो. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते, आणि जिथे भीती वाटते तिथे तो आडवा होत नाही. ही घोडी कितीतरी दिवस आडवी झाली नाही. लांब कुठे फटाका वाजला तरी थरथरायची. नाना मागून कधी जात नाहीत, कारण नेमके मागचे तिला दिसत नाही. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचे, खरारा करायचा, परत यायचे. एका सकाळी तिच्या कुशीला गवत चिकटलेले दिसले, तेव्हा मामूंनीच ते सगळ्यांना दाखवले.

सूरह आदियात मदरशातल्या मुलांना तोंडपाठ असते. धावणाऱ्या घोड्यांबरोबर थकलेल्यांविषयीही त्यांना सांगायला काय हरकत आहे?

कोणाच्या मनात असे जनावर घेण्याचे असेल, तर आधी दात, खूर आणि डोळे तपासून घ्या. परळला बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आहे, जुनी माणसे त्याला ‘बैलघोडा’ म्हणतात. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षेही जगतो. नाना सत्तरीचे आहेत. त्यांच्यानंतर घोडीचे कोण करील, यावर घरात अजून बोलणे चालू आहे. मामूंनी परवा कोंड्याचे पोते स्वतः आणले, इतके मी सांगू शकते.