आपली हकीकत आपणच सांगावी

हवामान पालटत आहे, हें शेतकऱ्यास नव्यानें शिकविण्याची गरज नाहीं. गरज आहे ती त्याविषयीं त्यानें स्वतः बोलण्याची, असें आमचें अनुभवांतीं मत झालें आहे.

गेल्या हिवाळ्यांत एका गांवच्या चावडीवर या विषयासंबंधीं चार शब्द सांगण्याचा प्रसंग आम्हांस आला. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दर दहा लक्ष भागांत कार्बन डायऑक्साइड वायूचे सुमारें २८० भाग असत, ते आतां ४२० च्या वर गेले आहेत; २०२४ सालीं पृथ्वीचें सरासरी उष्णमान त्या काळाहून सुमारें दीड अंशानें अधिक भरलें; हें सर्व आम्हीं यथाक्रम मांडलें. मंडळी जांभया देऊं लागली. इतक्यांत एक वृद्ध बागाईतदार उठले आणि २०१४ च्या मार्चांतील गारपिटीची आपली हकीकत सांगूं लागले. द्राक्षें उतरावयास चार दिवस उरले असतां अर्ध्या तासांत बाग कशी झोडपली गेली, आणि व्यापाऱ्याचा इसार परत करण्याकरितां घरची बैलजोडी कशी विकावी लागली, हें त्यांनीं साध्या शब्दांत सांगितलें. त्यांचें संपतें न संपतें तोंच दुसऱ्यानें मृगाच्या दुबार पेरणीची गोष्ट काढली, तिसऱ्यानें हस्ताच्या पावसानें काळी पडलेल्या सोयाबीनची. सभा रात्रीं दहापर्यंत चालली.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत पंचनामे व पैसेवारीचे कागद लिहिण्यांत गेली. त्या कागदांत बाधित क्षेत्र लिहितात, नुकसानीचे टक्के लिहितात. विकलेल्या बैलजोडीस तेथें रकाना नाहीं. तो रकाना शेतकऱ्यानेंच भरला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, एकाची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. १९७२ चा दुष्काळ काय कमी होता? आक्षेप रास्त आहे. एका गारपिटीवरून हवामानाचा निर्णय होत नाहीं. त्यास अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. परंतु हवा एक अंशानें तापली कीं सुमारें शेंकडा सात अधिक बाष्प धरते, आणि म्हणून पाऊस कोसळतो तेव्हां अधिक जोरानें कोसळतो, हा शास्त्राचा नियम ज्याची माती वाहून गेली त्याच्या तोंडून ऐकल्यावर जसा मनांत ठसतो, तसा कोष्टकावरून ठसत नाहीं. हकीकतीनें लक्ष लागतें, नोंदीनें खात्री पटते, दोन्ही हवींत.

मात्र हकीकत पुरी सांगावी. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. तेव्हां पाऊस चुकला होता हें खरें. पण कूपनलिकांमागून कूपनलिका खोदून ऊस आपणच लावला होता, हेंही खरें. आम्हीही त्यांतलेच. स्वतःची चूक वगळून सांगितलेल्या गोष्टीवर पोरेंसुद्धां विश्वास ठेवीत नाहींत.

यास्तव आमची सूचना अशी कीं, आपल्या मंडळाच्या प्रत्येक मासिक सभेंत एका शेतकरी बंधूनें अथवा भगिनीनें पाव तास आपला अनुभव सांगावा, आणि शाळेंतील एखाद्या मुलानें तो तारीख, नक्षत्र, पाऊस, पीक, नुकसान व केलेला उपाय यांसह वहींत उतरावा. खर्च एका वहीचा आहे. वडील मंडळी आहेत तोंवर हें काम झालें तर झालें; त्यांच्यामागें त्यांच्या आठवणी कोणत्याही दप्तरांत सांपडावयाच्या नाहींत.