पिंपावरचे नाव विचारा

आमच्या शेजारचा एक तरुण महापे एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला जातो. दोन महिने त्याचा घोळणा फुटत होता. आई म्हणे, "भाऊ, उष्णता झाली असेल." सब्जा झाला, गुलकंद झाला, कांदा हुंगवून झाला. एका रविवारी त्याच्या बोटांकडे आमचे लक्ष गेले. सांध्यांवर गोल, खोल जखमा होत्या. आम्ही विचारले, "टाकीत काय असतं रे?" तो म्हणाला, "तांबडं पाणी असतं, काका. नाव नाही माहीत. ठेकेदार म्हणतो, काही होत नाही."

ज्या पाण्यावर चार वर्षे वाकून याने घरची चूल पेटवली, त्या पाण्याचे नाव त्याला ठाऊक नव्हते!

क्रोम प्लेटिंगच्या टाकीत क्रोमिक ॲसिड असते. वीज सोडली की त्याचे बारीक तुषार हवेत उडतात. ते कातडीला आणि नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पाडतात. वर्षानुवर्षे श्वासातून गेले तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका असतो. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाहीत. डॉक्टरांना कामाचे स्वरूप सांगितले तेव्हा कुठे नाकातली जखम सापडली. तोवर सारे उष्णतेवर खपत होते.

डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी स्फोट झाले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने ऐकले. पण जे विष रोज थोडे थोडे अंगात जाते, त्याचा आवाज कोणी ऐकत नाही. म्हणून त्याची तजवीज आधीच करावी लागते.

कायदा काय सांगतो? भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगाराला देणे, कामावर घेण्यापूर्वी आणि त्यानंतर दर बारा महिन्यांच्या आत वैद्यकीय तपासणी करणे हे मालकावर बंधनकारक झाले. १९८९ च्या नियमांनी रसायनाच्या पिंपावर नाव व धोक्याची खूण असणे आणि सुरक्षा माहितीपत्रक ठेवणे आवश्यक केले. कारखाने कायद्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. माहिती मिळण्याचा आणि धोका दिसताच इशारा देण्याचा कामगाराचा हक्क तिच्यातही आहे. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली कामगाराचे आरोग्य हा मूलभूत हक्क मानला. त्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. कारण हे रोग नोकरी सुटल्यावरही उगवतात.

मालक मास्क देतो आणि म्हणतो, झाली सुरक्षा! आम्ही म्हणतो, मास्क ही शेवटची पायरी आहे. आधी कमी घातक रसायन वापरता येते का ते पाहावे. नाही तर टाकी झाकावी. टाकीच्या काठालाच धूर ओढणारा पंखा बसवावा. मग हातमोजे, आणि त्या रसायनाला चालणारा मास्क.

आणखी एक गोष्ट. हवेत किती विष चालेल याच्या बहुतेक मर्यादा आठ तासांच्या पाळीवर ठरवलेल्या असतात. ओव्हरटाइमचे चार तास म्हणजे चार तासांचे जादा विष. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामाचे तास कमी करण्याचा आग्रह धरला. १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. ते तास पोटासाठी आपणच पुन्हा विकतो, तेव्हा फुफ्फुसेही विकतो, हे ध्यानात ठेवावे.

माता-भगिनींनाही सांगणे आहे. कामाचे कपडे घरी झटकू नका, मुलांच्या कपड्यांत मिसळून धुऊ नका. आंघोळ केल्यावरच बापाने लेकराला उचलावे. कारखान्यातले रिकामे पिंप स्वस्तात मिळाले तरी पिण्याचे पाणी त्यात भरू नये.

एकट्याने नाव विचारले तर ठेकेदार उद्या गेट बंद करील, ही भीती खोटी नाही. म्हणून दहाजणांनी मिळून, लेखी विचारावे. अर्जाची पोच घ्यावी. तपासणीचा कागद, ईएसआयचे कार्ड आणि हजेरीची नोंद घरच्या पेटीत जपून ठेवावी. अर्ज लिहिता येत नसेल तर आमच्यासारख्या कारकुनाकडे या. एवढे शिक्षण दुसऱ्या कोणत्या कामासाठी घेतले?

त्या तरुणाच्या पाळीतील नऊजणांनी गेल्या आठवड्यात अर्जावर सह्या केल्या. दहावा अंगठा एका मावशींचा आहे. त्या टाकीखालची फरशी धुतात.