आडवाट आखावीच लागते

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मध्यंतरी आम्हा उभयतांना एक तक्ता पाठवला. पाच आठवड्यांची रजा, भाड्याची मोटरहोम, म्हणजे आत शेगडी, बिछाने आणि शौचालय असलेले चाकांवरचे घर, आणि मोठे आंतरराज्य महामार्ग शक्यतो टाळून व्हर्जिनियाच्या डोंगरांपासून नेवाडाच्या वाळवंटापर्यंतचा प्रवास. रोजचे मैल, गॅलनला आठ-दहा मैल धावणाऱ्या गाडीच्या इंधनाचा खर्च, मुक्कामाच्या जागा, सांडपाण्याची टाकी कुठे रिकामी करायची, कोणत्या बोगद्याची उंची किती, असे सारे त्यात होते. शेवटी एक ओळ : ‘सर, मॅडम, सोबत कोणती पुस्तके घेऊ?’

आम्ही तो तक्ता प्राध्यापक-कक्षात कौतुकाने दाखवला आणि उपहासाचे धनी झालो. ‘हा प्रवास नव्हे, किराणा दुकानाची वही आहे’, ‘आडवाटेला जायचे तर आधी नकाशा फेकून द्यावा’. असे म्हणणारे सहकारी वर्गात प्रवासवर्णन शिकवतात, म्हणूनच त्यांना उत्तर देणे आम्हांला आवश्यक वाटते.

आमचे म्हणणे सरळ आहे. ‘न आखलेला प्रवास’ हा प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराने रूढ केलेला एक संकेत आहे. त्याला वस्तुस्थिती समजणे ही रसिकता नव्हे, भाबडेपणा आहे. आणि ज्या आडवाटेच्या निरागसपणाचे एवढे गोडवे गायले जातात, तीही कुणीतरी आखलेलीच असते.

या संकेताचा सर्वांत प्रसिद्ध नमुना जॉन स्टाइनबेक यांचा. १९६० च्या शरद ऋतूत ते ट्रकवर बसवलेली खोली आणि चार्ली नावाचा कुत्रा घेऊन देश पाहायला निघाले. ट्रकला त्यांनी दोन किहोतेच्या घोड्याचे नाव दिले. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ १९६२ मध्ये आले. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले. पन्नास वर्षांनी, २०१० मध्ये, बिल स्टायगरवाल्ड या पत्रकाराने तोच मार्ग धरला, मूळ हस्तलिखित ताडून पाहिले आणि पुढच्याच वर्षी दाखवून दिले की कित्येक दिवस पत्नी एलेन त्यांच्या सोबत होत्या आणि अनेक रात्री हॉटेल-मोटेलांत गेल्या होत्या. २०१२ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत जे पारिनी यांनाही हे पुस्तक शब्दशः खरे मानू नका, असे सांगावे लागले. स्टाइनबेक खोटे बोलले, एवढ्यावर आम्हांला थांबायचे नाही. आपली सोय आणि सोबत झाकल्याशिवाय प्रवास ‘खरा’ वाटणार नाही, असे एवढ्या मोठ्या लेखकालाही वाटले. संकेताची ताकद ती हीच.

आमचे सहकारी यावर विल्यम लीस्ट हीट-मून यांचे नाव पुढे करतील. करावेच, ते त्यांच्या हातातले सर्वांत चांगले पान आहे. १९७८ मध्ये मिसुरीतील महाविद्यालयातली अध्यापनाची नोकरी गेलेला, संसार विस्कटलेला हा माणूस व्हॅन घेऊन निघाला आणि सुमारे तेरा हजार मैल फिरला. खेड्यांतल्या खाणावळींत त्याला भेटलेली माणसे कोणत्याही तक्त्यात मावली नसती, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो. पण १९८२ च्या त्या पुस्तकाचे नाव काय? ‘ब्लू हायवेज’. जुन्या नकाशांत मुख्य रस्ते लाल आणि दुय्यम रस्ते निळे छापत, त्यावरून ते आले. टेनेसीतल्या ‘नेमलेस’ या गावी लेखक गेला तोही नकाशावरच्या नावाच्या ओढीने. नकाशातल्या रंगाचे नाव धारण करणारे पुस्तक नकाशा फेकणाऱ्यांचा धर्मग्रंथ व्हावे, याला काय म्हणावे? अनपेक्षिताला जागा मिळते ती आखणीच्या चौकटीत, चौकट मोडून नव्हे.

आता खुद्द त्या ‘निसर्गरम्य’ वाटांकडे वळू. १९५६ च्या कायद्याने ४१ हजार मैलांचे आंतरराज्य महामार्गांचे जाळे मंजूर झाले आणि कालचे कित्येक हमरस्ते आज आडवाटा ठरले. इतर काही वाटा तर जन्मापासूनच देखावा म्हणून रचलेल्या. आमच्या विद्यार्थ्याचा पहिला टप्पा स्कायलाइन ड्राइव्हचा. तेथील मेरीज रॉक बोगद्याची उंची १२ फूट ८ इंच, हे त्याने लाल अक्षरांत लिहिले आहे. ज्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानातून हा रस्ता जातो, त्यासाठी १९३० च्या दशकात सुमारे ५०० कुटुंबांना डोंगर सोडावा लागला, हे मात्र त्याच्या तक्त्यात नाही. पुढे ४६९ मैलांचा ब्लू रिज पार्कवे लागतो. त्यावरील मेब्री मिल या पाणचक्कीचे छायाचित्र कोण काढत नाही? पण चक्कीवाल्या मेब्री कुटुंबाचे फळ्यांचे पांढरे घर पाडून त्या जागी दुसरीकडचे ओंडक्यांचे खोपट आणून बसवले गेले, कारण पर्यटकाच्या मनातल्या डोंगरी माणसाला तेच शोभत होते. याला आडवाट म्हणायचे की नेपथ्य?

नेवाडातील ‘यूएस ५०’ची कथा याहून बोलकी. जुलै १९८६ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने त्या रस्त्याला अमेरिकेतील सर्वांत एकाकी रस्ता म्हटले. राज्याने त्या शेऱ्याचीच जाहिरात केली आणि वाटेतल्या गावांचे शिक्के गोळा करण्याची पुस्तिका काढली. एकाकीपणावरही शिक्का मारून मिळतो!

आणि नकाशा फेकण्याची चैन कुणाची? हार्लेममधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ मध्ये कृष्णवर्णीय वाहनचालकांसाठी मार्गदर्शिका काढली. ती तीन दशके निघत राहिली. कुठे जेवण मिळेल, कुठे रात्र काढता येईल, याची ती यादी. सूर्यास्तानंतर काळ्या माणसाने थांबू नये, अशी गावे ज्या देशात होती, तेथे अनोळखी आडवाट हे रम्य साहस नव्हते. स्टाइनबेक ट्रक घेऊन निघाले, तेव्हाही ती मार्गदर्शिका निघतच होती. दुसरे टोक जेसिका ब्रुडर यांच्या २०१७ च्या ‘नोमॅडलँड’मध्ये दिसते : घरभाडे परवडेना म्हणून गाडीत राहू लागलेली, हंगामी मजुरीसाठी गावोगाव फिरणारी वयस्क माणसे. त्यांचा तक्ता म्हणजे त्यांचा चरितार्थ. त्यालाही आपण किराणा दुकानाची वही म्हणणार का?

हे सारे अमेरिकेतले, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणेल. तर वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्याकडे पाहावे. १८५७ च्या धामधुमीत सापडलेला हा भिक्षुक उत्तरेकडे निघाला तो घरचे कर्ज फेडण्यासाठी, यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. आणि ते त्याने लपवलेले नाही. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापताना चिंतामणराव वैद्यांनी संहितेत फेरफार केले. मूळ बखर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये समोर आणली. प्रवाशाने सांगितले ते आणि संपादकाने पुढे ठेवले ते, यांतील अंतर मराठीच्या अभ्यासकाला नवे नाही. मग सुट्टीत परदेशी जाऊन ‘खरी अमेरिका खेड्यांत भेटली’ असे लिहिणाऱ्यांना तिकीट कुणी काढले, गाडी कुणी चालवली, रस्ता कुणी निवडला, हे आपण का विचारत नाही? विद्यार्थ्यांकडून मात्र शैलीची वैशिष्ट्ये पाठ करून घेतो.

विद्यार्थ्याला आम्ही वरील तिन्ही अमेरिकन पुस्तके सुचवली आणि तक्ता जपून ठेवायला सांगितले. सप्टेंबर २०२४ मधील हेलेन वादळाने पार्कवेचे उत्तर कॅरोलिनातील अनेक भाग उद्ध्वस्त केले; कोणता टप्पा खुला आहे, हे निघण्यापूर्वी पाहणे त्याला भागच आहे. तक्त्यात आणखी एक रकाना घालावा, एवढीच आमची सूचना : ‘हा रस्ता कुणासाठी झाला आणि कुणाला हलवून?’ परतल्यावर त्याने प्रवासवर्णन लिहिले, तर तक्ता परिशिष्ट म्हणून छापावा. तसे पुस्तक आम्ही आनंदाने अभ्यासक्रमाला सुचवू, प्राध्यापक-कक्षात कितीही हशा पिकला तरी.