द्राक्षाला पारख, पपईला का नाही?

हंगामात शहादा-तळोद्याच्या शिवारातून पपई आणि केळीचे ट्रक उत्तर भारताकडे निघतात. कागदात गुंडाळलेले फळ दिल्लीपर्यंत सुखरूप पोचते; पण त्यावर कोणते बुरशीनाशक, केव्हा फवारले, ही माहिती बांधावरच राहते.

नाशिकच्या द्राक्षांनी हा धडा पूर्वीच गिरवला आहे. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश सापडले आणि निर्यातदार हादरले. त्यातून २००६ साली ‘ग्रेपनेट’ सुरू झाले : बागेची नोंदणी, फवारणीची नोंद, प्रयोगशाळेचा दाखला. तरीही २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकामुळे माल अडकलाच, कारण ते तपासणीच्या यादीत नव्हते. जे शोधायचेच नाही, ते सापडणार कसे?

नेमकी हीच स्थिती आपल्या देशी बाजाराची आहे. अन्नसुरक्षेचा कायदा २००६ सालचा. अंशांच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत. पण परदेशी जाणाऱ्या घडाला जी पारख, ती आपल्या मुलांच्या ताटातल्या फोडीला नाही.

शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. फवारणी आणि काढणी यांत ठरावीक दिवस जावे लागतात. पपईचे तोडे मात्र महिनोन्‌महिने चालतात. पावसाळी हवेत बुरशी वाढली, की फवारणी टळत नाही आणि भाव असला, की तोडाही थांबत नाही. अशा वेळी सल्ला कोण देतो? बहुधा औषध विकणारा दुकानदारच!

गृहिणींनी घाबरून फळे सोडू नयेत. मॅन्कोझेबसारखी स्पर्शजन्य बुरशीनाशके बहुतांशी सालीवर राहतात. धुण्याने आणि सोलण्याने ती बरीच कमी होतात. कार्बेन्डाझिमसारखी आंतरप्रवाही औषधे मात्र पेशींत शिरतात. तिथे नळाचे पाणी काय करणार? नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळणाऱ्या मिरचीचा विचार करा. पाणी उडून जाते, अंश मागे उरतात आणि वजनाच्या मानाने त्यांचे प्रमाण वाढते. तिखट तर कोणी धूत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. पपई आणि मिरचीच्या बाजारात नमुने नियमित तपासले जावेत, निष्कर्ष मराठीत फलकावर लागावेत आणि फवारणीची वही ठेवणाऱ्याला चार पैसे जास्त मिळावेत. युरोपच्या ग्राहकाने नकार दिला, तेव्हा व्यवस्था जागी झाली. घरच्या ग्राहकाने निदान विचारायला तरी सुरुवात करावी.