घर आपले, जमीन कोणाची?

आयुष्यभराची पुंजी ओतून मध्यमवर्गीय माणूस सदनिका घेतो. मुद्रांक शुल्क भरतो, करारनामा नोंदवितो, संस्थेचे भाग प्रमाणपत्र कपाटात जपून ठेवतो आणि आपण मालक झालो, या समाधानात निवृत्तीपर्यंत कर्जाचे हप्ते फेडीत राहतो. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. पडतो तेव्हा इमारत जीर्ण झालेली असते.

या गाफीलपणाचे मूळ काही अंशी भाषेत आहे. 'कागद झाले' एवढ्या दोन शब्दांत आपण साठेखत, खरेदीखत, कुलमुखत्यारपत्र आणि फेरफार या चारही भिन्न गोष्टी गुंडाळून टाकतो. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचे वचन. खरेदीखत म्हणजे प्रत्यक्ष विक्री. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५४ नुसार केवळ विक्रीच्या करारामुळे मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी लागते. (शंभर रुपयांची ही मर्यादा अद्याप कायम आहे, त्या किमतीत आज जमिनीचा तुकडा तर सोडाच, तो मोजण्याची टेपही मिळणे कठीण.) कुलमुखत्यारपत्राच्या आधारे होणाऱ्या 'विक्री'ने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. सातबाऱ्यावरील फेरफार ही तर महसुलाच्या सोयीची नोंद. तिच्यातून मालकी उपजत नाही.

सदनिकाधारकाजवळ असतो तो बहुधा करारनामाच. १९६३ च्या 'मोफा' कायद्याने त्याला संरक्षण दिले हे खरे, आणि तो अगदीच निराधार आहे असे नव्हे. तथापि जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून देणारे खत प्रवर्तकाने वेगळे करून द्यावयाचे असते. त्याला सरकारी मराठीत 'अभिहस्तांतरण' म्हणतात. लोक सरळ 'कन्व्हेयन्स' म्हणतात, आणि त्यांना दोष देता येणार नाही. करारात वेगळी मुदत ठरलेली नसल्यास संस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांत हे खत व्हावे, असा या कायद्याखालील नियम आहे. अनेक संस्थांनी त्यासाठी चार महिने नव्हे, दशके वाट पाहिली आहे.

प्रवर्तकाच्या या विस्मरणामागे अर्थशास्त्र आहे. इमारत झिजते, जमीन झिजत नाही. उलट शहर वाढते तशी तिची किंमत चढते. चटई क्षेत्र निर्देशांक वाढला की त्याच भूखंडावर अधिक बांधकामाची मुभा मिळते, आणि जमीन ज्याच्या नावावर तो त्या वाढीवर हक्क सांगू लागतो. खत लांबविण्यास खर्च नाही, लाभाची आशा मात्र मोठी. मग ते लांबले तर नवल कसले? कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे, पण प्रवर्तकाला वर्षानुवर्षे न्यायालयात खेचण्याची उमेद संस्थेजवळ कोठून असणार?

२००८ च्या दुरुस्तीने यावर 'मानीव अभिहस्तांतरणा'चा उपाय काढला. प्रवर्तक टाळाटाळ करीत असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा. त्याने दोन्ही पक्षांना ऐकून प्रमाणपत्र द्यावे आणि प्रवर्तकाच्या सहीवाचून दस्त नोंदविला जावा. उपाय चांगला आहे. परंतु मूळ करारनाम्यावरील शुल्क कमी भरलेले, एकाच भूखंडावर अनेक इमारती, मूळ जमीनमालक मृत आणि वारस विखुरलेले, अशा गुंत्यांत अर्ज अडकतात. प्रमाणपत्र मिळाले तरी मालकीच्या वादासाठी दिवाणी न्यायालयाचा दरवाजा उघडाच राहतो.

संस्थाही निर्दोष नाहीत. वार्षिक सभेत वाहनतळावरून तासभर भांडणारे सभासद या विषयापाशी येताच घड्याळ पाहू लागतात. वकिलाच्या खर्चाची वर्गणी काढावयाची म्हटली की तळमजला आणि वरचा मजला यांचे एकमत लगेच होते, नकाराचे. भाग प्रमाणपत्र ज्या कपाटात ठेवले आहे, त्याच कपाटात जमिनीच्या मिळकत पत्रिकेची एक ताजी प्रत असावी. ती नगर भूमापन कार्यालयात अल्प शुल्कात मिळते, आणि तिच्यावर संस्थेचे नाव आहे की प्रवर्तकाचे, हे वाचावयास वकील लागत नाही.